कडप्प्याच्या मुलखात

दादाची चेन्नईला बदली झाली. सामान ट्रकने गेलं, वहिनी आणि मुलं विमानाने गेली आणि लालबागला मागे उरली ती गाडी. ती चालवतच न्यायची असं दादाने ठरवलं आणि सोबतीला मला घेतलं. आम्ही दोघं आईचं तिकीट काढायला गेलो तर ती म्हणाली, "वरून काय ढगच बघूचे? मी गाडीतसून येतंय."

लांबचा रस्ता म्हटला की आम्हाला एकच ठाऊक, कणकवलीचा. हा सगळाच नवा. मी मोबाईलवर वाटेतल्या जागा शोधून ठेवल्या होत्या. पण दादाची गाडी फक्त डिझेल आणि चहासाठी थांबते. हुबळीला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी होस्पेटच्या आसपास भोवतालच्या टेकड्यांचा डोंगरपणाच गेला. माती नाही, झाड नाही, नुसते गोल धोंडे एकावर एक, ट्रकमधून ओतून कुणीतरी निघून गेल्यासारखे.

"थांब ना रे पाच मिनिटं."

"परत येताना बघ."

"परत येताना मी विमानात असणार."

तो हसला, पण गाडी थांबली नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मागून आईने संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. दोघांनाही.

बल्लारी गेलं, ताडिपत्री गेलं. मग शेतांची कुंपणं बदलली. तारा नाहीत, काट्या नाहीत. काळसर दगडाच्या उभ्या लाद्या जमिनीत रोवलेल्या, ओळीने, दूरवर. घरांच्या भिंतीही लाद्यांच्या, छपरंही लाद्यांचीच.

"गाडी थांबव," आई म्हणाली.

या आवाजात ती बोलली की आमच्या घरात कुणी कारण विचारत नाही. ती उतरली, एका लादीवरून तिने तळवा फिरवला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला ओटा."

खरंच होतं. आमच्या खोलीतला ओटा, मोरी, भांड्यांची फळी, सगळं कडप्प्याचं. संगमरवर म्हणतात तसं कडप्पा हे दगडाचंच नाव, असं मी समजत आले होते. दादाने फोनवर नकाशा मोठा केला. "हा कडप्पा जिल्हा. पुढे त्या नावाचं शहर आहे."

"म्हणजे कडप्पा गाव हा?" आईने विचारलं.

"आहे."

आई एवढी खूश झाली की कुंपणापलीकडे मिरच्या वाळत घालणाऱ्या बाईलाही तिने ते सांगितलं. मराठीत. बाईने तेलुगूत उत्तर दिलं. दोघी हसल्या. आम्ही वाट चुकलेले प्रवासी असणार असं त्या बाईने ठरवलं आणि हात लांब करून म्हणाली, "गंडिकोटा." दादा "नो, नो, चेन्नई" म्हणत पुढे झाला, तोवर आईची मान डोलून झाली होती.

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "आई, आपल्याला तिकडे जायचं नाहीये."

"एवढ्या मायेने सांगितलंन तिने. ती बघत उभी आहे. वळव."

त्याने वळवली.

गंडिकोट्याला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पडक्या किल्ल्यातून, दगडांवरून आईला हात देत चालत गेलो, आणि पुढे जमीनच संपली. खाली खोल दरी, दोन्हीकडे तांबड्या दगडाच्या सरळ तुटलेल्या भिंती, थरावर थर रचल्यासारख्या. तळाशी हिरवट पाण्याची नदी वळण घेऊन निघून गेलेली. इथे पोहोचेपर्यंत शेजारी असं काही असेल याचा मागमूस नव्हता, कारण वाटेत सगळा सपाट माळ.

आई एका धोंड्यावर टेकली. "बापरे," एवढंच म्हणाली. मी फोटो काढून दमले. दादा कडेपासून थोडा अलीकडे मांडी घालून बसला होता, चपला काढून, देवळात बसतात तसा. शेवटी मीच विचारलं, "निघायचं?"

"बस जरा."

थोड्या वेळाने त्याने वहिनीला फोन लावला. "आज नाही पोहोचत, उद्या संध्याकाळी येतो." तिकडून तिने काळजीने काहीतरी विचारलं असावं.

"नाही, गाडी ठीक आहे," दादा म्हणाला. "आम्ही बसलोय."