आता घाट लागला

जयमाला घाटात कुणाला बोलू देत नाही. मोताळ्याकडून बुलढाण्याला जाताना चढ सुरू झाला की ती मागे न बघता म्हणते, “आता घाट लागला,” आणि गाडीतली सगळी माणसं गप्प होतात. नवीन माणूस असला तर हसतो. कुणी म्हणतं, “मयतीले चाललो का आपण?” कुणी तिला शाळेतल्या बाई म्हणतं. ती मनावर घेत नाही. तिला इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो.

ती माझी धाकटी जाऊ. रोहिणखेडला आमची दोन्ही घरं एकाच अंगणात आहेत. माझा दीर शेखर तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. त्याची पांढरी, सात सीटची गाडी दारात तशीच उभी राहिली. त्याने जयमालाला हौसेने, कापणी झालेल्या वावरात गाडी शिकवली होती. त्या हौसेवर आज तिची चूल पेटते. बायकांना तपासणीला, म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला ती बुलढाण्याला नेते, आणते.

लोक तिला धीट समजतात. ती भित्री आहे हे मला माहीत आहे. तळहाताला घाम येतो म्हणून ती मांडीवर टॉवेल ठेवते. एकदा मी विचारलं, “एवढं भेव वाटते त काऊन चालवते?” ती म्हणाली, “भेव वाटते म्हणूनच नीट चालवतो, बाई.”

आमच्या घरी अजून एक रीत आहे. नवऱ्याच्या मोठ्या भावाला, म्हणजे भासऱ्याला, सून समोरासमोर बोलत नाही. माझे यजमान हिंमतराव तिचे भासरे. काही सांगायचं असलं तर ती डोक्यावर पदर घेऊन मला सांगते, “बाई, त्याहिले सांगा.” आणि ते बाजूलाच बसलेले असतात. यांना तिचं गाडी चालवणं कधीच आवडलं नाही. “ज्या दिवशी गाडी घाटात बंद पडन, त्या दिवशी गिऱ्हाईक आणून इकून टाकीन,” असं यांनी चार माणसांत सांगून ठेवलं होतं. गाडी शेखरची, पण कागदोपत्री पहिल्यापासून यांच्याच नावावर. इंजिन गेलं की जयमालाचं सगळं गेलं, हे ती जाणून होती.

चैत्रात गाडीचं पाणी कमी होऊ लागलं. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर टाकावं लागे. रविवारी ती म्हणाली, “आधी पाह्यतो तरी कुठून गळते.” मी म्हटलं, कशाला वेळ घालवतेस. आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा जुना उपाय आहे, गळत्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची. ती आत फुगते आणि भोक बुजवते. शेखरही टाकायचा. ती नको नको म्हणत होती. मी देवघरातून रेणुकामायला वाहिलेली हळद आणली आणि माझ्या हातांनी दोन मुठी आत सोडली. नाव घेऊन सोडली.

गळती थांबली. सोमवारी जमिनीवर थेंब नव्हता. मला फार बरं वाटलं.

मंगळवारी आम्ही चौघी निघालो. शेजारच्या सुभद्राबाई, त्यांची सात महिन्यांची गरोदर सून प्रतीक्षा, जयमाला आणि मी. प्रतीक्षाच्या पायांवर सूज होती, बुलढाण्याला दवाखान्यात दाखवायचं होतं. मी सोबतीला. सकाळचे दहा वाजले होते तरी ऊन डोक्यात जात होतं.

जयमालाने घाट लागल्याचं सांगितलं, आम्ही गप्प झालो. दुसऱ्या वळणावर तिने मान पुढे केली. मलाही ऐकू आलं, जात्यात खडा सापडल्यासारखी बारीक घरघर. तिने काय केलं तर हीटर लावला. चैत्रात.

सुभद्राबाईंना राहवलं नाही. “काय ओ जयमाले, पोरीले उकडून काढतं का?”

तिने हीटरच्या जाळीपुढे हात धरला आणि तिचा चेहरा उतरला. मी हात लावून पाहिला. हवा गार होती. गरमीचा काटा मधोमध होता, तो माझ्या देखत सरकत अगदी खाली गेला. मी म्हटलं, “पाह्य, उतरला काटा. मायचीच किरपा.”

“बाई, काटा उतरला म्हणूनच मले भेव वाटून राह्यलं,” ती म्हणाली, आणि गाडी कडेला घेऊन बंद केली.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तिने उतरून चाकांमागे दगड लावले. बॉनेट उघडलं तर आतून वाफ आणि भाजल्याचा वास. त्या वासात कुठेतरी फोडणी होती. माझी अक्कल गेली. पदर हाताला गुंडाळून मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. जयमालाने माझ्या हातावर जोरात फटका मारला. आजवर तिने मला उलट उत्तर दिलं नव्हतं.

“तोंड सोलून निघन तुमचं,” ती म्हणाली. मग टॉवेलने स्वतःचे तळहात पुसले.

बुलढाण्याची बस आली तेव्हा तिने हात दाखवून थांबवली आणि प्रतीक्षाला व सुभद्राबाईंना बसवून दिलं. “मी मागून येतो घ्याले,” असं सांगितलं. येणार कशी, हे तिलाही माहीत नव्हतं.

मग तिने घाटाखालच्या गोकुळ मिस्त्रीला फोन लावला. आवाज मोठा केला होता म्हणून मलाही ऐकू येत होतं.

“काटा कुठं होता?” त्याने विचारलं.

“मधात. मंग एकदम खाली गेला.”

“मंग चांगलं हाय ना, वैनी. गाडी थंडी हाय.”

“गोकुळभाऊ, आत पाणीच नसन त काटा काय मोजन? हीटर लावला, त्याची हवा गार आली. पाणी फिरूनच नाही राह्यलं. अन् घरघर हाय, पट्ट्याच्या बाजूनं. रेस देली का वाढते.”

“वॉटर पंप गेला म्हणता का?”

“मले तसंच वाटते.”

“मंग पंप घेऊनच येतो.”

त्याला यायला तासभर लागला. तो तास मी विसरणार नाही. इंजिन आतून टकटक आवाज करत निवत होतं. जयमाला दगडावर बसली होती, टॉवेल दोन्ही हातांत पिळत. “बाई, इंजन जाम झालं असन त?” एवढंच ती दोनदा बोलली. मी मनात नाव घेत होते, पण नाव घेताना हळदीची मूठ डोळ्यांपुढे येई आणि जीभ अडखळे. एक ट्रक वळणावर इतका जवळून गेला की गाडी हलली. आम्ही दोघी एकदम उठलो.

गोकुळ मोटरसायकलवर आला. पिशवीत पाने, मागे पाण्याचा डबा. “काय वैनी, घाटात दुकान टाकलं का?” त्याने पंखा धरून मागेपुढे केला. पंखा ज्या दांड्यावर बसतो तो पंपाचा, आणि तो डगडग हलत होता. “म्हाताऱ्याच्या दातासारखा झाला. बेअरिंग गेलं. अन् हे पाहा.” पंपाखाली एक बारीक भोक होतं, तिथून सुकलेल्या पाण्याचा तांबूस ओघळ गेला होता. “इथून गळत होतं. टॉर्च मारली असती तरी दिसलं असतं.”

“इंजनचं सांगा,” जयमाला म्हणाली.

“थे आता सांगता येत नाही.” त्याने पट्टा काढला, खाली वाकून मोठ्या पुलीच्या नटाला पाना लावला. “फिरलं त जितं हाय. नाही फिरलं त...”

त्याने जोर दिला. पाना हलला नाही. जयमालाने डोळे मिटले. मी तिचा दंड धरला. गोकुळने पाय रोवून पुन्हा जोर दिला, आणि पाना सावकाश, जिवावर आल्यासारखा, खाली गेला. मग आणखी एकदा. पुरा एक फेरा.

“जितं हाय,” तो म्हणाला. “अजून एक वळण चढल्या असत्या त मेलं असतं.”

जुना पंप काढला तेव्हा आतून पिवळा रबडा गळाला. पंपाची पाती त्या रबड्याने माखली होती. डाळीच्या फोडणीचा वास अख्ख्या वळणावर पसरला. गोकुळ हसायला लागला. “हळदीचं बूच चढावर सुटलं. भाजी कोणी टाकली आत?”

“मी,” मी म्हटलं. आणि मला रडू आलं.

जयमालाने माझ्याकडे पाहिलं. “हळद चांगली होती, बाई. म्हणूनच दोन दिवस मले गळती दिसली नाही.”

रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

गोकुळ घाई करत होता. जुन्या पॅकिंगचे कागदी तुकडे चिकटून राहिले होते, त्यांच्यावरच तो नवं पॅकिंग लावायला निघाला. पुन्हा गळू नये म्हणून जयमालाने त्याच्या पिशवीतलं पातं घेतलं आणि स्वतः खरवडत बसली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा खरवडलं. “वैनी, सोनं घडवून राह्यल्या का?” ती खरवडतच राहिली. मग नवा पंप बसला. बोल्ट त्याने समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, एक पुरा करून मग दुसरा असं नाही. आतला पिवळा रबडा पाणी टाकून दोनदा काढून टाकला, मग नवं पाणी भरलं.

एवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. हे होते. बसमधून कुणीतरी फोन केला असणार. जयमालाने पदर डोक्यावर ओढला.

“मी काय म्हणलं होतं?” हे मला म्हणाले, तिला ऐकू जाईल असं. “पिंपळगाव राजा गावचा गिऱ्हाईक हाय. उद्या बोलावतो.”

“दादा, गाडी कोणाच्या कानानं वाचली थे पाहा आधी,” गोकुळ म्हणाला. “वैनीनं फोनवर पंप ओळखला. मी नसतो ओळखला.”

“वाचली का नाही थे चालू झाल्यावर सांग.”

जयमालाने चावी फिरवली. इंजिन एकदा नुसतं फिरलं. दुसऱ्यांदा लागलं. रेडिएटरच्या उघड्या तोंडातून बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, गोकुळने आणखी भरलं. ती हीटरपुढे हात धरून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने मान वळवून मला खूण केली. मी हात लावला. हवा चटका देणारी होती.

वर बुलढाण्याला प्रतीक्षा वाट पाहत होती. यांनी मोटरसायकल गोकुळजवळ ठेवली आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. “पाह्यतो मी सोता, किती चढते थे.” आणि बोलत राहिले. गिऱ्हाईक काय म्हणतो, बाईमाणसाने काय करावं, शेखर असता तर. वळण जवळ आलं. घरघर नव्हती, पण मला प्रत्येक आवाजात ती ऐकू येत होती. सीटची कड मी दोन्ही हातांनी धरली होती.

जयमालाने पदर कानामागे सारला. समोर बघतच, मला नाही, यांना म्हणाली, “आता घाट लागला.”

लग्न होऊन आल्यापासून अठरा वर्षांत ती यांच्याशी पहिल्यांदा बोलली. यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं. तिचे तळहात स्टिअरिंगवर ओले चमकत होते. हे खिडकीकडे वळले आणि बुलढाण्याची घरं दिसेपर्यंत बोलले नाहीत.

पिंपळगावच्या माणसाला अजून बोलावलेलं नाही. तो विषय मी काढत नाही, तीही काढत नाही. रोज सकाळी ती टॉर्च घेऊन गाडीखाली वाकते. मी देवापुढे उभी राहते, आणि तिची गाडी अंगणात परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.