यादीत शेवटून दुसरी

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोरीची बॅग कबाडीवाल्याच्या काट्यावर तोलणं. विमानात पंधरा किलोच्या वर नेऊ देत नाहीत. बायको कुरड्या घालायची, मी काढायचो. "पोरगी तिकडं काय खाईन, काटा?" म्हणाली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. अंधार पडायच्या आत आम्ही घाटावरून परतलोही.

पोरगी इथल्या विमानतळावर काउंटरला. विमानं कमी झाली, म्हणून कंपनीने माणसं कमी केली. नियम असा की जो शेवटी लागला तो आधी घरी. आमची शेवटून दुसरी. मग कंपनीने मेहेरबानी केली. सोमवारी गुवाहाटीला हजर झाली तर जुनी सहा वर्षं मोजू म्हणे. एक दिवस उशीर झाला तर तिथल्याही यादीत तळाला. तळाचा माणूस म्हणजे पुढच्या कपातीचा बकरा.

आई गेल्याचं तिने साहेबाला कळवलं. साहेबाने फार दुःख झालं असं लिहिलं, जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. तारीख तीच ठेवली.

माझे मोठे भाऊ कळमेश्वरहून आले होते. जन्मभर एका खुर्चीत बसून बढत्या घेतलेला माणूस. वय वाढलं की अक्कल वाढते असं त्यांना खरंच वाटतं. त्यांनी निकाल दिला की तेरवीपर्यंत पोरगी उंबरठा ओलांडणार नाही. पोरगी मुकाट्याने बॅग उघडायला बसली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"भाऊ, घरात तुम्ही सीनियर. पण तेरवी जेवून तुम्ही जासान आपल्या घरी. इचं नाव तळाले गेलं तर वर आणाले येसान का?"

"बायको गेली गा तुही, अन् तुले नोकरीचं पडलं?"

"हो. तिलेही तेच पडलं होतं."

पोरगी म्हणाली, "बाबा, तुमच्याजवळ कोण राहीन?"

"मी राहीन ना वं. माही बदली कोण करून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी भाऊ घोरत होते तेव्हाच मी स्कूटर काढली. सुतकात काढू नये म्हणतात. पोरीला विमानतळावर सोडलं. दारावरच्या शिपायाने मला आत जाऊ दिलं नाही, म्हणून ती वळून उभी राहिली. मी हातानेच तिला पुढे हो म्हटलं. गेली. तिथून राख सावडायला थेट घाटावर गेलो, भाऊंची वाट पाहिली नाही. राख अजून गरम होती. निवेपर्यंत बाजूला बसून राहिलो.