सुनीतीच्या घरातलं ‘नाही’

परदेशातल्या आमच्या क्रेगीबर्नमध्ये सुनीतीइतकी लोकांची घरं आतून पाहिलेलं माणूस दुसरं नसेल. पुण्यात ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर एका सर्वेक्षण कंपनीसाठी दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारायला लागली. दार उघडणारा कितीही वैतागलेला असो, ही त्याला बोलतं करायची. मला तिचा हेवा वाटायचा आणि तिचा मास्तरीणपणा डोक्यातही जायचा. शेजारीच राहत असल्यामुळे दोन्हीची सोय रोज होती.

यंदा तिच्याकडे घरातल्या सुरक्षिततेची पाहणी आली. त्यात एक प्रश्न होता : तुमच्या घरात बंदूक आहे का? प्रश्न साधा, पण उत्तरं विचित्र. नवऱ्यांना विचारलं की ‘हो’ जास्त यायचे, बायकांना विचारलं की कमी. घरं तशीच, गाव तेच. तिचा साहेब ग्रेग म्हणाला, की मग प्रत्येक घरात दोघांनाही वेगवेगळं विचारू.

सुनीतीने ते हाणून पाडलं, निदान आपल्या मराठी लोकांपुरतं तरी. “मी त्याला म्हटलं, mate, आमच्यात बायकोला न विचारता घरात नवी कढई येत नाही, बंदूक कुठून येणार? एकाला विचारलंस तरी पुरे. त्या उत्तरांची हमी माझी.” चाचणीसाठी तिने स्वतःच्या घराचं उत्तरही देऊन टाकलं होतं. ‘नाही’, अर्थातच. ग्रेगने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. सुनीतीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे त्यालाही कळून चुकलं होतं.

खंडेनवमीला मी आणि माझा नवरा मधू त्यांच्याकडे पूजेला गेलो. सुनीतीचा नवरा नरेंद्र इंजिनीअर. त्याने पाटावर ड्रिल, पाने, लॅपटॉप, गाडीची किल्ली असं सगळं ओळीने मांडलं होतं. सुनीतीने आपला कामाचा टॅब ठेवला. हळद-कुंकू झालं, झेंडूची फुलं वाहून झाली. आता आरती म्हणायची, तर नरेंद्र उठून गराजमध्ये गेला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन आला. पाटावर ठेवून त्याने टॉवेल सोडला. आत बंदूक होती.



“रिकामी आहे,” नरेंद्र म्हणाला. “काडतुसं वेगळी, कुलपात. लायसन्स आहे.”

“नरेंद्र, हे कधीपासून?” सुनीतीने विचारलं.

“दोन वर्षं झाली. शनिवारी गोल्फला जातो म्हणायचो ना, ते गोल्फ नव्हतं. क्लबात मातीच्या तबकड्या उडवतात, त्यांच्यावर नेम धरायचा. तू नको म्हणाली असतीस.”

“आणि गराजमधलं ते स्टीलचं कपाट? हत्यारांचं म्हणाला होतास!”

“हत्यारांचंच आहे की.”

“मग आज का काढलीस?”

नरेंद्रने मान खाली घातली. “दोन नवम्या तशाच गेल्या. घरात शस्त्र आहे आणि त्याची पूजा नाही, हे मला सहन होईना ग. आई असती तर...”

मला हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती. बायकोपासून लपवताना या माणसाचा जीव कचरला नाही, देवीपासून लपवताना कचरला! सुनीती मात्र हसली नाही, ओरडलीही नाही. तिने बंदुकीला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि आरती म्हटली. तिचा आवाज मधेच फुटला. तिला फार लागलं होतं. बंदुकीचं नव्हे, दोन वर्षांच्या शनिवारांचं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला गेले, तर ती फोन स्पीकरवर टाकून ग्रेगशी बोलत होती. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मला वाटलं, आता हिचं काम जातंय. पण तो म्हणाला, “No worries, तुझं घर मोजणीतून गाळून टाकू.”

“गाळू नकोस,” सुनीती म्हणाली. “माझं ‘नाही’ आणि त्याचं ‘हो’, दोन्ही ठेव. मी खोटं बोलले नव्हते, मला माहीतच नव्हतं. आणि आमच्या लोकांनाही दोघांना वेगवेगळं विचार. माझी हमी मी परत घेते.”

फोन ठेवून तिने डोळे पुसले. नरेंद्र बाहेर अंगणात उगाचच नळी धरून उभा होता. त्याच्याकडे बघत तिने मला विचारलं, “शोभा, तुझ्या घरात आहे का ग?”

‘नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला मधूचे गोल्फचे शनिवार आठवायला लागले.