मामाच्या पडण्याचा आवाज

ये गं बाई, जवळ ये. पुण्याला इतकी लांब जाऊन बसलीस, तर निदान या कागदाला कान लावून बस. परवा फोनवर केवढी ओरडलीस माझ्यावर! आजीवर असं ओरडतात का? "पडलीस कशी? काठी कुठे होती? दिवा का नाही लावलास?" अगं, पडले ते पडले. न्हाणीत ओल होती, पाय सटकला, झालं. कोपर जरा खरचटला, बाकी एक हाड इकडचं तिकडे झालं नाही. डॉक्टर माझा फोटो उजेडात धरून उलटासुलटा करून बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, या वयात असं पडून कुणी चालत येत नाही हो." त्याला काय सांगू, मी कुणाच्या हाताखाली पडायला शिकलेय ते! तूही विचारलं नाहीस. लगेच रबराचे पट्टे धाडून दिलेस, घरभर अंथरायला. ते अजून गुंडाळूनच ठेवलेत. आधी माझं ऐक, मग ठरव त्यांचं काय करायचं.

तर उभ्या जगात आपल्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या माझ्या मामासारखा पडणारा माणूस झाला नाही आणि होणार नाही. आपण सगळेच पडतो, कुणी झाडावरून, कुणी नजरेतून. मामा पडायचा तो पोटासाठी. धंद्याने पैलवान, पण आपल्या जत्रेत लाल मातीत झोंबतात तसला नव्हे. मुंबईत तेव्हा फ्रीस्टाइल कुस्त्यांचे खेळ व्हायचे, तिकीट लावून. उंच लाकडी मंच, चारी बाजूंनी दोर, आणि आत दोघे. एक देखणा, त्याला लोकांनी टाळ्या वाजवायच्या. एक दुष्ट, त्याला लोकांनी शिव्या घालायच्या. मामा दुष्ट. जाहिरातीत त्याचं नाव छापायचे, "काळ्या समुद्राचा राक्षस". डोक्याचा गोटा, कानात पितळेच्या कड्या, अंगाला चकचकीत तेल. आणि राक्षस परमुलखातला म्हणून त्याने मंचावर मराठी बोलायचं नाही, नुसत्या डरकाळ्या फोडायच्या. आम्ही पोरं हसलो की तो म्हणायचा, "हसता कशाला? समुद्र हाय, काळा मी हायच. खोटं काय हाय त्यात?"

कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असायचं, आणि तो मामा कधीच नसायचा. पण त्याचं त्याला वाईट वाटलंय असं मी एकदाही पाहिलं नाही. "जिंकणारे ढिगाने मिलतात," म्हणायचा, "नीट हरणारा सात गावं धुंडालून मिलत नाय." एकदा म्हणे चुकून जिंकला. समोरच्याचा पाय मुरगळला आणि तो उठेचना. मामा इतका ओशाळला, की दुसऱ्या दिवशी त्या पोरासाठी बोंबलाचं कालवण घेऊन गेला.

त्याला जमिनीचं वेड. कुणाच्याही घरी गेला की आधी उंबऱ्याआत टाच आपटून बघायचा. यजमानीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हा खाली कान देऊन. "सारवलेली भुई पडायला गरीब," असा त्याचा निवाडा. "बोलत नाय बिचारी. फरशी दुष्ट, सगलं पाठीतच घालते. पडावं तर फल्यांवर. फली कशी, तुझं दुखनं घेते नि आवाज करून चार लोकान्ला सांगते." माझ्या लग्नात मांडवात चौरंग मांडला, तर नवरदेव बसायच्या आत मामा त्यावर टाच आपटून मोकळा. तुझे आजोबा घाबरून अर्धवट उभेच राहिले. जन्मभर माझी चेष्टा करायचे, "तुझ्या मामाने पास केलेल्या चौरंगावर माझं लग्न लागलं," म्हणून.

शाळेत मी तीनच इयत्ता शिकले, पण पडायचं शिक्षण पुरं केलं. उन्हाळ्यात आजोळी गेलो की मामा आम्हा भाचरांना ओढून ठेवलेल्या होडीवर चढवायचा आणि वाळूत ढकलायचा. "हनुवटी छातीला! श्वास सोड! हात आधी, पाठ मंग!" श्वास धरून पडलं की हाड मोडतं, सोडून पडलं की माणूस पोत्यासारखा पडतो आणि पोत्यासारखाच उचलून ठेवता येतो, हे त्याचं शास्त्र. आणि हाच मनुष्य, माणसाने डोक्यावरून भिरकावला तर हूं न करणारा, शिंगाळा माशाचा काटा बोटात गेला की सगळा पाडा गोळा करायचा. मामी काटा काढायची आणि हा डोळे गच्च मिटून, "झालं काय गो? झालं काय?" मामी म्हणायची, "आवरा. राक्षस ना तुमी?"

मामी म्हणजे तुला ठाऊक नाही. बोईसरच्या बाजारात मासे विकायची. रॉकेलचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर बसायची, पुढ्यात टोपली, हाताशी मासे कापायचा ठोकळा. तिच्याशी घासाघीस करायला धट्टेकट्टे पुरुष बिचकायचे. पण तिने नवऱ्याचा खेळ कधी पाहिला नाही. तशी शपथच होती. तो मुंबईहून आला की उताणा व्हायच्या आत त्याला पालथा पाडायची, कोमट तेलात हळद घालून पाठ चोळायची, विटा तापवून शेक द्यायची. पाठ कुठे जांभळी, कुठे हिरवी. "एवढी बघते ती पुरे," म्हणायची. "खेल कशाला बघू? तिकिटाचा सगला खेल हितं छापलेला असतो."

पन्नाशी उलटली तरी मामा रंगतच चालला होता, आणि त्यातली गंमत मला त्यानेच सांगितली. गुडघे दुखायचे म्हणून मंचावर हळूहळू चढायचा. लोकांना वाटायचं राक्षस दबा धरून येतोय, बायका पोरांचे डोळे झाकायच्या. दम लागला की डरकाळी फोडायची, तेवढ्यात दोन श्वास जास्तीचे मिळतात. फारच थकवा आला तर बेशुद्ध पडायचं. लोक ओरडताहेत, पंच हात हलवतोय, आणि हा मस्त पडून राहिलाय. "जवानीत मी नुस्ता पडायचो," म्हणायचा. "आता पडतो त्यात मजकूर हाय."

पण मॅनेजरला मजकूर दिसत नव्हता, पांढऱ्या भुवया दिसत होत्या. त्या साली तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं, बोईसरला परमुलखातले कामगार उतरले होते, म्हणून खेळ पहिल्यांदाच आपल्या बाजूला आला. मॅनेजर मामाला म्हणाला, "राक्षस, बोईसर का खेल देखेंगे. जमला तो अगला साल, नहीं तो घर बैठके जाल बुनो." मामाने घरी येऊन हे सांगितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ताटातलं टाकून उठला. जाळी विणायला त्याची ना नव्हती गं. पण लोकांसमोर पडण्यावाचून तो कसा जगला असता? त्यात नेमकी पाठ धरलेली. खेळाच्या दिवशी सकाळी वाकून स्वतःची वहाणसुद्धा घालता येईना. मामीने घातली.

मी तेव्हा नवी सून, सासरहून, मुरब्याहून मुद्दाम खेळाला आले होते. दुपारी मामीबरोबर बाजारातून मैदानावर गेले तर मंच बांधून झालेला. मामीने ताडपत्रीचं टोक उचललं, आत बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "फल्या? नुस्त्या फल्या? अगो, आपल्या जत्रेत हौदाची माती खणतात, तेल-ताक घालून लोण्यासारखी करतात. वैऱ्याची पन पाठ मोडू नये म्हणून. आनि हितं माझ्या मानसाला फल्यांवर आपटतात?" मग तिचं सुरू झालं. रखवालदार भय्याला म्हणाली, "भय्या, तुम खाना खाव, हम इदर बैठता." तो बापडा गेला. चार ओळखीच्या बायका आल्या, बाजूच्या खळ्यातून भाताचा पेंढा आला, कुणी जुनी जाळी आणली. ताडपत्रीखाली असं छान जाड अंथरूण घातलं, की आपल्यालाच लवंडावंसं वाटावं. वरून ताडपत्री ताणून बांधली. "आता पाठ वाचंल," मामी म्हणाली, "पाठ वाचली तर कामबी वाचंल." आणि म्हणूनच, शपथ मोडून, ती पुढच्या रांगेत, टोपली-ठोकळा बाजूला ठेवून, आपल्या डब्यावर बसली.

उन्हं कलल्यावर खेळ सुरू झाला. गावाला मामाची ताकीद होती, की मंचावर आपल्याला ओळखायचं नाही. गावाने ती पाळली, पण आपल्या रीतीने. मामा चढायला लागला तर एक म्हातारी हात जोडून म्हणते, "ओ राक्षस, सांभालून हां, पायरी ढिली हाय." समोर एक गोरागोमटा पोरगा, बिजली पैलवान. त्याने मामाला उचललं, डोक्यावर धरलं, फिरवलं. सगळं मैदान श्वास रोखून. आणि दिला टाकून.

फुस्स.

उशी पडावी तसा. मामा पडल्या पडल्या डोळे उघडून बघतच राहिला. जमिनीने त्याला असं कधी फसवलं नव्हतं. पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. फुस्स. मागून कामगार हसायला लागले. "अरे, ये तो गद्दे पे सो गया!" "चाचा, चादर भी दें क्या?" हसू पसरत पसरत आपल्या लोकांत आलं. मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभा. मामा रांगता रांगता थांबला, तळहाताने भुई चाचपली. ताडपत्रीच्या फटीतून एक काडी वर आली होती, ती उपटून बघितली. मग मान वळवून सरळ मामीकडे बघितलं. बोलायची तर बंदी. पण रागावला नाही गं. नुसता बघत राहिला, पोराचा फुगा फुटल्यावर पोर बघतं तसा.

मामीने माझं मनगट धरलं. "अगो बाय," म्हणाली, "मी त्यांचा आवाजच काढून घेतला गो."

आणि उठली. डबा उचलला, मंचाच्या कडेला उपडा ठेवला, हातात ठोकळा घेतला. पुढच्या रांगेत सगळ्या आपल्याच. बघता बघता पदर पसरून त्यांनी आडोसा केला. बिजलीने मामाला तिसऱ्यांदा उचललं. मामा हवेत, आणि मामीने चक्क डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. पण पडायच्या आधी श्वास सोडायचं त्याचं शास्त्र होतं ना? तो श्वास ती इतक्या वर्षांच्या संसारात ओळखत होती. तो सुटला आणि हिने डब्यावर ठोकळा घातला.

धडाम!

अख्खं मैदान गप्प. मामानेसुद्धा एक क्षण मान उचलली. मग जो पेटला म्हणतेस! पेंढ्यावर पडायचं, पाठीला काही लागत नाही, आणि आवाज असा की आभाळ फाटावं. विशीतल्या पोरासारखा उडत होता. दोरावरून उलटा, खांद्यावरून पालथा, आणि दर वेळी पाठ टेकते न टेकते तोच धडाम. पेंढ्याने पाठ राखली आणि डब्याने अब्रू. शेवटी मामा हरला, तेव्हा हसणारे तेच कामगार बाकांवर उभे राहून ओरडत होते. मॅनेजर येऊन म्हणाला, "राक्षस, तू तो जवान हो गया! अगले साल आना. और वो डब्बेवाली बाई को भी लाना."

"मंग मासे कोन विकंल?" मामी फणकारली. "तुजा बा?"

पण गेली. पुढचे कितीतरी हंगाम दोघं बरोबर जायची, तो वर, ती मंचाच्या कडेला पडद्याआड. खेळ तिने शेवटपर्यंत पाहिला नाही. दर वेळी डोळे मिटूनच. मी विचारलं तर म्हणाली, "बघवत नाय गो. ऐकते."

मामी आधी गेली. त्यानंतर मामा ओट्यावर बसून जाळी विणायचा. पोरं गळ्यात पडायची, "आजा, पडून दाखव ना!" तर हसून म्हणायचा, "आता नाय पडत रे. पडलो तर आवाज कोन काढंल?" पण कुणाच्या घरी गेला की टाच आपटून बघायची सवय मात्र सुटली नव्हती.

तर परवा मी पडले, ते अगदी त्याच्या शिकवणीने पडले. हनुवटी छातीला, श्वास सोडला, हात आधी, पाठ मग. शहाण्या पोत्यासारखी. हाडं शाबूत. उठायची घाई केली नाही, थोडी तशीच पडून राहिले, छताकडे बघत. बाहेर समुद्र वाजत होता, पण घरात काही वाजलं नाही गं.

ते पट्टे राहू देत गुंडाळलेले. चांगले आहेत, मांजर त्यावर झोपतं. तुला सुट्टी मिळेल तेव्हा, किंवा न मिळता, चार दिवस ये. येताना काही आणू नकोस. मामाच्या मागे मामीचा डबा माझ्याकडे आला, तो इथेच आहे, माळ्यावर, पोचे पडलेला. खाली काढायला मात्र तूच लागशील, मला चढू देणार नाहीस ना तू?