काचवाल्यांचा उजवा हात

१४ मार्चला ६,२४० रुपयांचा आरसा काचवाल्यांच्या हातून निसटला आणि त्यांचं उजवं मनगट चिरून गेला. टाके पडले, जखम भरली. पण आत मज्जातंतू तुटलाय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखीच राहिली, तेव्हा तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी मनगट पुन्हा उघडून तो तंतू सांधला.

आता जोडलाय म्हणजे झालंच की, असं काचवाल्यांना वाटलं. डॉक्टरांनी समजावलं, की तुटल्यापुढचा तंतू मेलेला असतो. नवा वरून वाढत यावा लागतो. मेलेल्या तंतूची रिकामी नळी मागे उरते, तिच्यातल्या पेशी रसायनं सोडून त्याला बोलावतात. तंतूच्या टोकावर ती ओळखणारे रिसेप्टर असतात, कानच म्हणा ना. त्यांना रसायन लागलं की निरोप थेट कण्याजवळ, तंतू जिथून निघतो त्या पेशीकडे जातो आणि तिथून वाढीचा माल सुटतो. दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर.

"पण त्या पेशी जन्मभर बोलावत बसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आपल्याला आधीच उशीर झालाय."

हे मात्र काचवाल्यांच्या जिवाला लागलं. लग्न झाल्यापासून संध्याकाळी फिरताना बायको त्यांचा उजवा हात धरायची. आता ती डाव्या बाजूला आली होती. उजवा हात नुसता लोंबत चालायचा. दुकानात काचा पुसतापुसता ते थांबत आणि बोटांकडे बघत बसत. आतल्या पेशी बोलावताहेत का अजून?

थेरपीवाल्या बाईंनी रोजचा सराव लावून दिला. काचवाल्यांनी डोळे मिटायचे, बायकोने एका बोटाला स्पर्श करायचा, कोणतं ते त्यांनी सांगायचं. ते अंदाजपंचे काहीही ठोकून देत.

"अहो, लॉटरी लावताय का?" ती म्हणायची.

चार-पाच महिन्यांनी एका संध्याकाळी मात्र ते दचकले. "मधलं," ते म्हणाले.

"बरोबर."

डोळे उघडले, तर तिचं बोट अंगठ्याशेजारच्या बोटावर होतं.

"अगं, खोटं कशाला बोलतेस?"

"कळलं ना तुम्हाला? मग कुठं का कळेना."

पुढच्या भेटीत थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, वाढताना तंतू कधीकधी शेजारच्या बोटाच्या वाटेला लागतात. मेंदूला नव्याने शिकवावं लागतं.

त्या दिवशी फिरताना काचवाले आपणहून बायकोच्या पलीकडे गेले आणि उजवा हात पुढे केला. तिची अंगठी त्यांना भलत्याच बोटाला टोचत होती.

अंगठ्यात अजून काहीच नाही. बाईंचे मागच्या भेटीचे दीडशे रुपये द्यायचे राहिले आहेत.