लग्नाच्या रोलमधला पळस

फोटोमामांच्या रोलमधला शेवटचा फोटो माणसाचा नसे, फुलाचा असे. लग्न असो की बारसं, रोलमध्ये दोन-तीन फोटो उरले की मामा कॅमेरा घेऊन मांडवामागे जात आणि धोतरा, रुई, कण्हेर, जे उमललेलं दिसेल त्याच्यापुढे उकिडवे बसत. अर्धा रोल धुता येत नाही, म्हणून संपवायचा, एवढंच कारण ते सांगत. पवनीच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. सारा तालुका त्यांना फोटोमामाच म्हणे.

फुलाचा फोटो काळा-पांढराच हवा, हा त्यांचा हट्ट. "रंग त साऱ्यायलेच दिसते," ते म्हणत. "पाकळी जाड हाय का पातळ, ते दाखव." त्यांच्या धोतऱ्याच्या शिरा बोटाला लागतील असं वाटे. ऐंशीच्या आसपास आमच्याकडे रंगीत रोल दिसू लागले, पण ते धुवायला नागपूरला पाठवावे लागत. मामांना ते मुळीच पटत नसे. "लेकरू आपलं, आन् वाढवावं लॅबवाल्यानं?"

मी कोंढ्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी आपल्या भागातल्या फुलांचा अल्बम करायचा होता. वडील धानाची शेती करत. फोटोंचा खर्च त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना. मामांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "कोनतं फूल पायजे ते सांगत जा. लग्नं कायले होतेत मंग?" असा लोकांच्या लग्नकार्यांतून माझा अल्बम भरत गेला.

अडलं ते पळसापाशी. मामांच्या प्रिंटमध्ये फुलं, देठ आणि फांदी, सगळं एकाच राखेचं. कॉलेजातले सर त्या पानावर थांबले. "हा पळस? परीक्षक ओळखणार नाहीत. अल्बम अपुरा धरतील." अल्बम अपुरा म्हणजे प्रात्यक्षिक गेलं, आणि प्रात्यक्षिक गेलं म्हणजे वर्ष गेलं. आणखी एक वर्ष शिकवणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. आणि रानातला पळस तर झडायला लागला होता.

मामांनी ती प्रिंट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "माहा फोटो बराबर हाय. पळसच नालायक हाय," म्हणाले आणि आत निघून गेले.

त्याच आठवड्यात दिघोरीला एका मोठ्या घरचं लग्न होतं. नवरदेवाकडच्यांनी हौसेनं रंगीत रोल आणवला होता. पुढचं मला वऱ्हाडातल्या एकानं सांगितलं. वरात निघता निघता नवरदेवाचे मोठे काका फेटा सावरून, मिशीला पीळ देऊन खुर्चीवर बसले, तर मामा म्हणाले, रोल संपला.

"संपला? आत्ता त त्या झाडाखाली काढून राहिला होता!"

"तो पळस होता, काकाजी."

"म्हंजे माह्या पुतन्याच्या लग्नात पळसाचा फोटो निंगते, आन् माहा नाही?"

"पळस दोन दिवसांत झडून जाईन. तुमी थोडीच झडता!"

मांडवात हशा उसळला, पण काका रुसले ते रुसलेच. दुसऱ्या दिवशी मामा स्वतःचा रोल घेऊन एस.टी.नं पुन्हा दिघोरीला गेले. काकांचे उभ्यानं, बसून, बैलजोडीसोबत, सगळे फोटो काढून दिले, तेव्हा कुठे त्या घरचा चहा मिळाला.

नागपूरहून धुऊन आलेला तो पळस चिकटवला आणि माझा अल्बम पुरा धरला गेला. मी पदवीधर झालो, पुढे मास्तर झालो, आणि आमच्या घरची धाकटी भावंडंही शिकली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण निकालानंतर पेढे आणि अल्बम घेऊन मी दुकानात गेलो, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आपली फुलं त्यांनी अशी एकत्र कधी पाहिली नव्हती. एकेक पान सावकाश उलटत ते पळसापाशी आले. तेवढं एकच पान केशरी पेटलेलं.

"हे माहं नाही," ते म्हणाले. "हे लॅबवाल्याचं."

"मामा, मी त्याच पानानं पास झालो."

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि अल्बम माझ्या हातात दिला. "म्हनून त काढलं. नाहीतर म्या त्या रंगीत रोलकडं वळूनबी पायलं नसतं."