राहिलेली सही

जेवण झालं की केशवअण्णा व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत टेकतात आणि बजावून सांगतात, "झोपत नाहीये मी, नुसता पडलोय." आज मांडीवर सकाळी आलेलं पार्सल उघडं पडलंय. रोहिणीला आभाराचं पत्र लिहायला घेतलेलं शाईचं पेन हातातच राहिलंय आणि डोळे जड होतायत.

पार्सलात शाळेचा जुना वार्षिक अंक आहे, त्यांची लेक वैजयंती दहावीत होती त्या सालचा. वैजूचे पाचवीपासूनचे सहाही अंक तिच्या आईनं, इंदूताईंनी, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात दडवून ठेवले होते, अण्णांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. गेल्या दिवाळीत अण्णांना साफसफाईचा झटका आला. जन्मात इकडची काडी तिकडे न केलेल्या माणसानं नेमका तोच गठ्ठा उचलून रद्दीवाल्याला दिला. इंदूताई एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून अण्णा वैजूच्या मैत्रिणींचे पत्ते धुंडाळतायत. पाच अंक जमले. सहावा आज रोहिणीनं कराडहून पाठवला. अंक तेच, पण त्यांत वैजूच्या फोटोखाली अण्णांची सही नाही. पाचवीत असताना पोरीची ठाम समजूत होती, की प्रगतिपुस्तकासारखी यावरही पालकाची सही लागते. अण्णांनी न हसता सही ठोकली, खाली लपेटा ओढला आणि शेजारी वेळ घातली. एस.टी. स्टँडवरचे कंट्रोलर ते, वेळ घातल्याशिवाय त्यांची सही पुरीच होत नसे. पुढं समजूत गेली, रिवाज राहिला.

दहावीचा अंक घेऊन ती थेट स्टँडवर आली होती. यात्रेच्या जादा गाड्या, खिडकीशी ही गर्दी. "घरी आल्यावर करतो," अण्णा खेकसले. घरी आल्यावर विसरले. एप्रिलात कावीळ झाली आणि आठ दिवसांत पोर गेली.

पान धूसर होतंय. शाळेची घंटा होते. लांबलचक व्हरांडा आहे, पण वर्गांच्या दारांवर इयत्ता नाहीत, गावांची नावं आहेत. फलटण. वडूज. दहिवडी. अण्णा खिडकीच्या आत बसलेत आणि बाहेर दोन वेण्या उभ्या आहेत, लाल रिबिनींच्या.

"अण्णा, सही."

"वैजू! जेवलीस का गं?"

"झालं तुमचं सुरू." ती अंक पुढं सरकवते. "हा माझा नाही. आत रोहिणीचं नाव आहे."

"तुझा मी रद्दीत घातला, बाळ." अण्णा उजवा हात पुढं करतात. "माझ्या या हातानं."

"कळलं मला. आईला तरी जागा कसल्या सुचतात!" ती हसते, फोटोतल्यासारखी, डोळे बारीक करून. "पण फोटोत मीच आहे ना? मग करा की."

खिडकी आता घरच्या स्वयंपाकघराची आहे. ओट्यावर तिचा शाळेचा डबा आहे, अजून कोमट. त्याच्यापलीकडं, जिथं परसातला पेरू असायचा, तिथं एक लाल गाडी उभी आहे. इंजिन सुरू आहे. पाटीवर गावाचं नाव नाही.

"ही कुठली गाडी?"

"माझी."

अण्णा उचललेलं पेन खाली ठेवतात. "मग नाही करत."

"असं काय करता, अण्णा? तुम्हीच सांगायचात, कंट्रोलरची सही झाल्याशिवाय गाडी हलत नाही म्हणून. किती वर्षं बसू मी फलाटावर?"

हे अण्णांना माहीत नव्हतं. उन्हातान्हात पोर एवढी वर्षं बसून राहिलीय आणि तेही आपल्यापायी. त्यांना रडू आवरत नाही.

"नुसती एक सही होती गं त्या दिवशी. अर्धं मिनिट लागलं नसतं."

"मग आता लागू दे."

"तू गेल्यावर आम्ही दोघंच उरणार."

"दोघं आहात ना पण? मग बोला की एकमेकांशी." ती डबा दप्तरात टाकते. "आणि वेळ घाला हं. वेळ नसली तर चालत नाही तुमची."

अण्णा पेन उचलतात. सही करतात, पण लपेटा वाकडा जातो. गाडीच्या घंटीचे दोन ठोके होतात.

"अहो, पेन उघडं टाकून झोपलात. लेंग्यावर केवढी शाई सांडलीय बघा."

चहाचा कप घेऊन इंदूताई उभ्या आहेत. अण्णा खाली बघतात. मांडीवर अंक उघडा आहे आणि दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या फोटोखाली, वैजूच्या, सही आहे. वाकडा लपेटा आहे. शेजारी लिहिलंय, सुटली, तीन दहा.

इंदूताईंना ते दिसतं. त्या कप खाली ठेवून पायरीवर बसतात.

"मी तुला कधी सांगितलंच नाही," अण्णा म्हणतात. "तिच्या दहावीच्या अंकावर सही राहिली होती माझी."

"मी बघितलं होतं," इंदूताई म्हणतात. "म्हणून तर दडवले होते."

त्या सहीवरून हळूच बोट फिरवतात. शाई अजून ओली आहे. ती त्यांच्या बोटाला लागते आणि त्या ती पुसत नाहीत.